ऱ्हासाची वाट पाहणारा मार्क्सवाद

१८५९ मध्ये मार्क्सने आपल्या अर्थशास्त्रावरील टीकाग्रंथाला एक छोटी प्रस्तावना लिहिली. ऐतिहासिक भौतिकवादाचा, म्हणजे समाजाचा इतिहास त्याच्या उत्पादनाच्या पद्धतीवरून समजून घेणाऱ्या विचाराचा, सगळा सांगाडा तिच्या एका परिच्छेदात आहे. समाजाच्या उत्पादनशक्ती, म्हणजे माणसांचे श्रम-कौशल्य, अवजारे आणि तंत्र, वाढत जातात. एका टप्प्यावर त्यांची गाठ जुन्या उत्पादनसंबंधांशी, म्हणजे मालकीच्या व्यवस्थेशी पडते. तोवर वाढीला आधार देणारे हे संबंध आता तिच्या बेड्या होतात आणि सामाजिक क्रांतीचे युग सुरू होते. पण त्याच परिच्छेदात मार्क्स पुढे असेही सांगतो की, एखाद्या समाजरचनेत जितक्या उत्पादनशक्तींना वाव आहे तितक्या पुरेपूर वाढल्याशिवाय ती रचना नाहीशी होत नाही. पहिले विधान घाईला लावते, दुसरे थांबवून धरते. सव्वाशे वर्षे मार्क्सवाद्यांमध्ये चाललेला एक वाद या दोन विधानांच्या मधल्या जागेत उभा आहे: भांडवलशाहीला उतरती कळा लागली आहे का, आणि लागली असेल तर कधीपासून?

भांडवलशाहीचा ऱ्हास सुरू झाला आहे, हे मला खरे वाटत नाही. आणि ते खरे नसल्यामुळे भांडवलशाहीवरची मार्क्सची टीका तसूभरही बोथट होत नाही. ऱ्हासाचे भाकीत आणि ही टीका एकत्र बांधून ठेवल्यामुळे डाव्या चळवळीचे फार नुकसान झाले आहे, आणि ही गाठ सोडवायला हवी, असे मी डाव्या विचारात राहूनच म्हणतो आहे.

हा प्रश्न खुद्द मार्क्सला छळत होता. ऑक्टोबर १८५८ मध्ये एंगेल्सला लिहिलेल्या पत्रात तो विचारतो: युरोप खंडावर क्रांती जवळ आली आहे खरी, पण पृथ्वीच्या कितीतरी मोठ्या भागावर भांडवली समाजाची चढती चाल अजून चालूच असताना या छोट्याशा कोपऱ्यातली क्रांती चिरडली तर जाणार नाही ना? कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातील वसाहती, चीन आणि जपानची नुकती उघडलेली दारे त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्याआधी पाचच वर्षे, १८५३ मध्ये, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली त्याच वर्षी, त्याने न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात हिंदुस्थानातील रेल्वेच्या परिणामांवर लिहिले होते. युरोपातल्या घडामोडी जगाच्या नकाशावर ठेवून पाहण्याची ही सवय त्याच्या अनुयायांकडून पुढे बरीचशी सुटली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडुआर्ड बर्नस्टाइनने जर्मन समाजवाद्यांना सांगितले की, भांडवलशाही कोसळण्याची वाट पाहू नका, ती परिस्थितीशी जुळवून घेते आहे, आपण सुधारणा करत पुढे जाऊ. रोझा लक्झेंबर्गने त्याला दिलेले उत्तर आजही ताजे वाटते. कोसळणे अटळ नसेल तर समाजवाद ही इतिहासाची गरज राहत नाही, नुसती सदिच्छा उरते, असा तिचा युक्तिवाद होता. १९१३ मध्ये तिने त्यामागचे अर्थशास्त्र मांडले. भांडवलाला आपले वरकड मूल्य, म्हणजे कामगाराने मजुरीहून जास्त निर्माण केलेले मूल्य, रोखीत आणायला स्वतःबाहेरचे गिऱ्हाईक लागते, म्हणजे शेतकरी, कारागीर, वसाहती. तो बाहेरचा प्रदेश संपला की संचयही संपेल. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि हे विश्लेषण भविष्यवाणीसारखे भासू लागले. लेनिनने १९१६ मध्ये झुरिकमध्ये बसून लिहिलेल्या पुस्तकात साम्राज्यवादाला भांडवलशाहीची परोपजीवी, सडत चाललेली अवस्था म्हटले. १९१९ मध्ये तिसऱ्या इंटरनॅशनलने, म्हणजे कॉमिन्टर्न या जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेने, भांडवलशाहीच्या विघटनाचे युग सुरू झाल्याचे जाहीर केले. १९३८ मध्ये ट्रॉट्स्कीने लिहिले की मानवजातीच्या उत्पादनशक्तींची वाढ थांबली आहे. १९१४ ही सीमारेषा मानून, तिच्या अलीकडची सगळी भांडवलशाही पतनशील ठरवणारे छोटे कम्युनिस्ट गट युरोपात आजही आहेत.

याच लेनिनने त्याच पुस्तकात एक इशारा दिला होता, तो फारसा उद्धृत होत नाही. सडण्याच्या या प्रवृत्तीमुळे भांडवलशाहीची वाढ थांबते असे समजणे चूक ठरेल, एकंदरीत ती पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने वाढते आहे, असे तो म्हणतो. अनुयायांनी विशेषण उचलले आणि इशारा मागे ठेवला.

पुढे काय झाले ते जगाने पाहिले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पाव शतकात पश्चिम युरोपचे दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे ४ टक्क्यांनी वाढत होते. भांडवलशाहीच्या इतिहासात त्या प्रदेशाने असा वेग आधी पाहिला नव्हता. १९७३ नंतर तो निम्म्यावर आला आणि ऱ्हासवाद्यांना पुन्हा बळ मिळाले. पण ज्या दशकांत युरोप-अमेरिका मंदावल्या त्याच दशकांत भांडवली उत्पादन चीनमध्ये पसरले. १९५० मध्ये सगळ्या जगाने मिळून जेमतेम १९ कोटी टन पोलाद तयार केले होते. २०२० मध्ये एकट्या चीनने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. चीनला भांडवलशाही म्हणायचे की नाही यावर वाद घालता येईल. पण तिथल्या किनाऱ्यावरच्या कारखान्यांत मजुरीवर राबलेले कोट्यवधी स्थलांतरित आणि त्यांच्या श्रमातून जागतिक कंपन्यांनी कमावलेला नफा यांत वाद घालण्यासारखे काही नाही.

ऱ्हासवाद्यांकडे यावर उत्तर आहे आणि ते प्रामाणिकपणे ऐकायला हवे. ते म्हणतात, ऱ्हास म्हणजे वाढ थांबणे नव्हे. १९१४ पासूनची वाढ युद्धातल्या विनाशावर, शस्त्रांवर आणि कर्जावर उभी आहे. दोन महायुद्धे, अणुबाँब, २००८ चे अरिष्ट ही त्याची लक्षणे. या वर्णनात दम आहे. विसाव्या शतकातला नरसंहार भांडवलशाहीच्या चढत्या कमानीवरची किरकोळ खोट म्हणून बाजूला सारणाऱ्यांपेक्षा हे लोक मला जवळचे वाटतात. पण हे उत्तर स्वीकारले की सिद्धांत तपासायचा कसा? मंदी आली तर ऱ्हास, तेजी आली तर ऱ्हासातली तेजी, असे असेल तर काय घडले म्हणजे तो चुकला असे मानायचे? शिवाय विनाश, कर्ज आणि लूट १९१४ ची वाट पाहत थांबले नव्हते. गुलामांचा व्यापार, बंगालची लूट, अफूची युद्धे या सगळ्या तर त्यांच्याच हिशेबात 'चढत्या' काळातल्या गोष्टी. त्या काळाला प्रगतिशील म्हणायला वसाहतीतला माणूस सहजी तयार होणार नाही.

नफ्याच्या घसरत्या दराचा सिद्धांत या वादात नेहमी पुढे येतो: श्रमाच्या तुलनेत यंत्रांवरचा खर्च वाढत गेला की भांडवलावरच्या नफ्याचा दर घसरत जातो, असे तो सांगतो. १९२९ मध्ये हेन्रिक ग्रोसमन या मार्क्सवादी अर्थतज्ज्ञाने त्यावरून कोसळण्याचे गणितच मांडले, आणि १९३४ मध्ये आंतोन पानेकूक या डच मार्क्सवाद्याने त्याला उत्तर दिले की कामगारांच्या कृतीशिवाय आपोआप कोसळणारी व्यवस्था हे मार्क्सचे म्हणणेच नाही. मला पानेकूक पटतो. 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात मार्क्सने हा नियम सांगितला आणि लगेच पुढचे प्रकरण त्याला रोखणाऱ्या कारणांना दिले: शोषण तीव्र करणे, मजुरी मूल्याच्या खाली ढकलणे, यंत्रे आणि कच्चा माल स्वस्त होणे, बेकारांची फौज, परदेशी व्यापार. दर घसरतो तेव्हा ही कारणे कोणाच्या पाठीवरून कामाला लावली जातात, ते शोधणे अधिक फलदायी आहे.

या सिद्धांताचे मूळ एका उपमेत आहे. रोमची गुलामगिरी चढली आणि उतरली, सरंजामशाही चढली आणि उतरली, म्हणून भांडवलशाहीही तशीच उतरणार. आदिम साम्यवादापासून समाजवादापर्यंतची ही पाच पायऱ्यांची शिडी १९३८ मध्ये स्टालिनने अधिकृत करून टाकली. पण सरंजामशाहीचा अंत तरी खरोखर असा झाला का?

१३४७ ते १३५१ च्या प्लेगने युरोपची किमान एक तृतीयांश लोकसंख्या नेली. जमीनदारांना माणसे मिळेनात. सगळीकडे व्यवस्थेची पडझड सारखीच होती, पण निष्पन्न काय झाले ते पाहा. इंग्लंडमध्ये वेठबिगारी गेली, पण शेतकऱ्यांना जमिनीवर पक्का हक्क मिळाला नाही. जमीनदारांनी मोठ्या कुळांना खंडाने जमिनी दिल्या, त्यांनी मजूर लावले, आणि तिथून शेतीतली भांडवलशाही उभी राहिली. फ्रान्समध्ये शेतकऱ्यांनी आपले तुकडे घट्ट धरून ठेवले आणि राजसत्ता त्यांच्याकडून कर वसूल करत राहिली. जर्मनीतल्या एल्ब नदीच्या पूर्वेला मात्र जमीनदारांनी शेतकऱ्यांना पुन्हा वेठीला जुंपले आणि त्यांनी पिकवलेले धान्य पश्चिमेला विकले. रॉबर्ट ब्रेनर या अमेरिकन इतिहासकाराने १९७६ मध्ये या फरकाकडे बोट दाखवले: लोकसंख्या तशीच घटली, बाजार तोच होता, मग निकाल तीन का? त्याचे उत्तर होते, गावागावांतल्या शेतकऱ्यांची जमीनदाराविरुद्ध एकत्र उभे राहण्याची ताकद ठिकठिकाणी वेगवेगळी होती म्हणून. फ्रेंच मार्क्सवादी इतिहासकार गी ब्वा याने याला 'राजकीय मार्क्सवाद' म्हणून नावे ठेवली, अर्थकारणाची पकड सुटल्याचा आरोप केला. त्या टीकेत थोडे तथ्य आहे, कारण ब्रेनर उत्पादनशक्तींना फारच कमी बोलू देतो. तरी मूळ निरीक्षण हलत नाही. जुनी व्यवस्था ढासळली की नवी आणि अधिक मोकळी व्यवस्था येतेच असे नाही. पूर्व युरोपात ढासळण्यातून जुनीच गुलामी अधिक कडक होऊन परतली.

या शिडीची अडचण आपल्याकडे फार आधी एका मराठी-कोकणी मुलखातल्या माणसाने ओळखली होती. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांनी प्राचीन भारतावर आदिम साम्यवाद आणि मग गुलामगिरी हे साचे बसवून १९४९ मध्ये इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात त्याचा कठोर समाचार घेतला. ग्रीस-रोमसारखी गुलामांवर उभी असलेली उत्पादनव्यवस्था इथे सापडत नाही, आणि पुराव्याआधी निष्कर्ष ठरवणे हा मार्क्सवाद नाही, हा त्यांच्या टीकेचा रोख होता. स्वतः कोसंबी मार्क्सवादीच होते आणि शेवटपर्यंत राहिले. पुढे धुळ्याच्या शरद पाटलांनी १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडला तोही याच रस्त्यावर, इथल्या उत्पादनसंबंधांत जात मोजायची की नाही या प्रश्नावर. मुंबईच्या गिरण्यांत यंत्रे मँचेस्टरची होती, आणि तरी विणाईखात्यात दलित कामगारांना मज्जाव होता, कारण धोटा भरताना सुताला तोंड लागायचे आणि तो विटाळ मानला जायचा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. भांडवल जुने संबंध विरघळवून पुढे जाते, या शिडीवरच्या गृहीतकाला हे एक खाते पुरेसे उत्तर होते.

ऱ्हासाच्या सिद्धांताची राजकीय किंमत मोजली तर ती भयंकर आहे. १९२८ च्या उन्हाळ्यात मॉस्कोत भरलेल्या कॉमिन्टर्नच्या सहाव्या अधिवेशनाने भांडवलशाहीचा 'तिसरा कालखंड' जाहीर केला. तात्पुरते स्थैर्य संपले, आता अरिष्टे आणि क्रांती. व्यवस्था स्वतःच मरायला टेकली असेल तर तिला टेकू देणारा सुधारणावादी हा मुख्य शत्रू ठरतो, म्हणून सोशल डेमोक्रॅट 'सामाजिक फॅसिस्ट' ठरले. पुढच्याच वर्षी महामंदी आली आणि भाकीत तंतोतंत खरे ठरल्यासारखे दिसले. नोव्हेंबर १९३२ च्या जर्मन निवडणुकीत कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट यांची मते मिळून नाझींपेक्षा जास्त होती. दोघे एकत्र आले नाहीत. १९३३ मध्ये दोघेही छळछावण्यांत गेले. अरिष्टाबद्दलचे निदान बरोबर असूनही त्यातून काढलेला निष्कर्ष जीवघेणा ठरू शकतो, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

त्याच १९२८ मध्ये मुंबईत दीड लाखांच्या आसपास गिरणी कामगार सहा महिने संपावर होते आणि गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली होती. मार्च १९२९ मध्ये कम्युनिस्टांवरच्या मीरत कट खटल्यासाठी डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे यांना पकडून नेले. हा घाव सरकारचा होता, त्याचा दोष कोणा सिद्धांताला देता येत नाही. पण १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला असताना बाहेर उरलेले कम्युनिस्ट त्यापासून दूर राहिले, कारण नव्या धोरणात काँग्रेस हा भांडवलदारांचा पक्ष आणि क्रांती दाराशी आलेली. एवढ्या मोठ्या संपातून कमावलेली पत राष्ट्रीय चळवळीत लावायची ती वेळ होती, ती गेली.

गिरणगावाचे उदाहरण मला दुसऱ्या कारणासाठीही महत्त्वाचे वाटते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधीच औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. परळ-लालबागच्या चाळीतून पाहिले तर हा एका औद्योगिक व्यवस्थेचा अंत होता, आणि मालकांनी वर्षानुवर्षे यंत्रे न बदलल्यामुळे 'सडलेली' हे विशेषणही चपखल बसत होते. पण कापड विणणे थांबले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले. तिथे बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले, संघटना नसलेले कामगार, आणि कित्येक ठिकाणी गिरण्यांतूनच निघालेले जुने माग. तिसऱ्या खंडातली रोखणारी कारणे एकेक करून आठवा: लांब पाळी, कमी मजुरी, स्वस्तात मिळालेले यंत्र, बेकारांची फौज. सगळी त्या पत्र्याच्या शेडमध्ये हजर होती.

आणि मुंबईत उरलेली सुमारे ६०० एकर जमीन? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तिचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे ठरले: पालिका, म्हाडा, मालक. २००१ मध्ये नियम बदलून हे वाटप फक्त मोकळ्या जमिनीपुरते ठेवले, त्यामुळे घरांसाठी आणि मैदानांसाठी उरले ते अगदी थोडे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. गिरणीच्या आवारात मॉल आणि टॉवर उभे राहिले. भांडवलाच्या हिशेबात हा ऱ्हास कुठेच दिसत नाही, कारण तंत्र मागे गेले, कामाचे तास वाढले, जमिनीचे भाडे कित्येक पटींनी चढले आणि नफा सुरक्षित राहिला. कामगाराच्या आयुष्याची पडझड आणि भांडवलाची भरभराट एकाच वेळी, एकाच कृतीतून घडू शकते. ऱ्हासाचा सिद्धांत या दोहोंना एकाच आलेखावर बसवू पाहतो, म्हणून त्याला यातले एकच दिसते.

मग बेड्यांचे काय? १८५९ चे ते वाक्य सोडून द्यायचे का? मुळीच नाही. जी. ए. कोहेन या तत्त्वज्ञाने इथे एक उपयोगी भेद केला. मालकीचे संबंध उत्पादनशक्तींच्या वाढीला बेडी घालू शकतात, किंवा वाढ चालू असतानाच त्यांच्या वापराला बेडी घालू शकतात. दुसऱ्या प्रकारची बेडी ओळखायला ऱ्हास सिद्ध करावा लागत नाही. आज काय शक्य आहे आणि प्रत्यक्षात काय होते, यांतले अंतर मोजले की पुरते. आणि उत्पादनशक्ती जितक्या वेगाने वाढतील तितके हे अंतर रुंदावू शकते, म्हणजे चढती भांडवलशाहीसुद्धा बेडी असू शकते.

कोरोनाच्या काळात हे उघड्या डोळ्यांनी दिसले. वर्षभराच्या आत लस तयार झाली, हा उत्पादनशक्तींचा पराक्रमच होता. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की साथ असेपर्यंत पेटंटचे हक्क स्थगित ठेवा. श्रीमंत देशांनी ती अडवून धरली. निर्णय आला जून २०२२ मध्ये, तोही फक्त लशींपुरता आणि अटींनी बांधलेला. दरम्यान २०२१ या एका वर्षात जगात हजार कोटींहून अधिक मात्रा तयार झाल्या, आणि वर्ष संपले तेव्हा सर्वांत गरीब देशांतल्या दहा टक्के लोकांनाही पहिली मात्रा मिळाली नव्हती. पुण्यात परवान्याखाली लस बनत होती, याचा अर्थ कारखाने आणि कुशल माणसे विकसनशील देशांतही होती, योग्य करार तेवढा हवा होता. त्या काळात औषध कंपन्यांचा नफा वाढत होता. ऱ्हासाची व्याख्या घेऊन या घटनेकडे गेलो तर हाती काही लागत नाही, बेडीची व्याख्या घेऊन गेलो तर सगळे कळते.

ऱ्हासवादाची आजची सर्वांत भक्कम आवृत्ती हवामानबदलाची आहे. भांडवलशाहीने स्वतःच्या पायाखालची जमीन खाल्ली, निसर्गाची मर्यादा आली, आता तरी ती संपणार, असे अनेक तरुण कार्यकर्ते म्हणतात. निसर्गाची हानी खरी आहे. पण तिच्यामुळे भांडवल कोलमडेल असे समजायला आधार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या दिवसांत टँकरचा आणि बाटलीबंद पाण्याचा धंदा बुडाला नव्हता. टंचाईतून बाजार उभा राहतो. निसर्ग ढासळतो आणि भांडवल टिकते, अशी दीर्घ दशके येऊ शकतात, आणि राजकारण त्यांच्यासाठी करायला हवे.

रोझा लक्झेंबर्गचा आक्षेप अजून उभा आहे: कोसळणे अटळ नसेल तर समाजवाद नुसती सदिच्छा ठरत नाही का? मला वाटते, तिने दोनच पर्याय धरले आणि तिसरा सोडला. फ्रान्समधल्या शेतकऱ्याने जमिनीचा तुकडा राखला तो इतिहासाने हमी दिली म्हणून नव्हे, आणि केवळ त्याला तसे वाटले म्हणूनही नव्हे. त्याच्या गावाला सामाईक कुरणे होती, पंचायत होती, जमीनदाराशी पिढ्यान्‌पिढ्या भांडल्याचा सराव होता. ही भौतिक ताकद आहे, आणि ती मोजता येते, वाढवता येते, गमावताही येते. ऐतिहासिक भौतिकवादाने आपली सारी बुद्धी या मोजणीला लावावी.

आज भिवंडीत ती मोजणी करायची तर कायद्यापासून सुरुवात करावी लागेल. २०२० च्या नव्या कामगार संहितांनी विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहाऐवजी वीस कामगारांवर नेली, आणि कामगारकपातीसाठी वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा शंभरावरून तीनशेवर. एकाच छपराखालची शेड कागदोपत्री तीन नावांवर तोडली की तिथला कामगार कारखान्याचा कामगारच राहत नाही. बारा माग एकट्याने सांभाळणारा माणूस, शेजारच्या शेडमधला त्याच्याच गावचा माणूस, दोघांचा मालक एकच की वेगळा, सूत देणारा व्यापारी कोण, खोलीचे भाडे कोणाला जाते, ईदला आणि छठला किती जण गावी जातात आणि परततात, याची नीट नोंद आज कोणत्या संघटनेकडे आहे?